तुडवलेलं आडनाव

व्हिटच्या सणाच्या सोमवारी सकाळी एनॉक वॉकर आपले काळे बूट पुसत होता आणि घरात कोणाशीही बोलत नव्हता. ब्रश मात्र बुटावर असा आपटत होता की परसातल्या कोंबड्यांनाही कळावं, म्हाताऱ्याचं अजून बिनसलेलंच आहे.

येत्या शनिवारी नातीचं, डॉर्कसचं लग्न होतं. बाप नसलेल्या पोरीचा हात धरून तिला चॅपलच्या मधल्या वाटेनं पुढे न्यायचं काम आजोबाचं. पण एनॉकनं आठवड्यापूर्वीच साफ सांगून टाकलं होतं : नवरामुलगा वॉकर आडनाव लावणार असेल तरच मी पाऊल उचलीन. नाहीतर चार लोकांसारखा बाकावर बसून बघीन. तेव्हापासून डॉर्कस त्याच्याशी बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणून तो कोणाशीच बोलत नव्हता.

तसं पाहिलं तर उत्तरेकडच्या यॉर्कशरातल्या रेकशॉच्या खोऱ्यात वॉकरांना तोटा नव्हता. दगड भिरकावला तर वॉकरला लागायचा, आणि नेम चुकला तर वॉकरच्या कुत्र्याला. एकट्या चॅपलमध्ये एनॉक वॉकर नावाचे तिघे होते. एक खाणीवरचा एनॉक, एक टॉमच्या बिलचा एनॉक, आणि हा प्रवचनवाला. पण प्रवचनवाल्याच्या मते खरे वॉकर काय ते आपणच. बाकीचे नुसते त्या नावाचे. पणजोबा आयझॅक भर हिमात अख्खं माळरान तुडवत एका साधुपुरुषाचं प्रवचन ऐकायला गेले, आणि त्या चालण्यावरून लोक त्यांना वॉकर म्हणू लागले, ही कथा त्यानं लहानपणी बापाच्या मांडीवर ऐकली होती. त्यातून त्याचं स्वतःचं नाव एनॉक. शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला एनॉक देवाबरोबर चालला. म्हणजे नावातही चालणं आणि आडनावातही. म्हणून खोऱ्यातल्या खोऱ्यात तो कधी बसमध्ये पाय ठेवत नसे. म्हणून दर व्हिटच्या सोमवारी गावाच्या मिरवणुकीत चॅपलच्या निशाणापुढे पहिलं पाऊल त्याचं असे. आणि बँड थकला की, "उचला पाऊल, ठेवा पाऊल, वाट उजेडाची" हे गाणं तो असं उचलायचा की घराघरांतून बाया पिठाचे हात घेऊन दारात यायच्या.

त्याची प्रवचनंही तशीच. बोलून सुरू करायचा आणि गाऊन संपवायचा. एकदा सूर लागला की मागच्या बाकावरचे खाणीतले गडीसुद्धा गुडघ्यावर ठेका धरत, आणि घरी पातेल्यात मांस करपलं तरी कोणी जागचं हलत नसे.

"पुसून पुसून चामडं जाईल," केटुरा स्वयंपाकघरातून म्हणाली. केटुरा त्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, चॅपलचा ऑर्गन केला. "आणि आज तोंड उघड. पाहुणे दक्षिणेतल्या डेव्हनहून एवढ्या लांब आलेत ते तुझा ब्रश ऐकायला नाही."

"ताई, तू माझ्या बाजूची आहेस ना?"

"परवापर्यंत होते."

"मग काय झालं?"

"मग टकर विहीणबाईंनी आणलेली साय खाल्ली."

एनॉकनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं धर्मच बदलला. खरं तर ती साय त्यानंही खाल्ली होती, कोणी बघत नसताना, चमच्यानं. सुरी रोवली तर उभी राहील अशी घट्ट. पण साय वेगळी आणि तत्त्व वेगळं.

दुपारच्या जेवणाला सगळे बसले. मिरवणूक निघायला अवकाश होता. हॅम, मुरवलेले कांदे, पाव, आणि टेबलाच्या मध्यावर भली मोठी चहाची किटली. एनॉकच्या शेजारच्या खुर्चीवर, पाहुण्यांच्या नजरेत भरेल अशी, एक ब्लँकेट घडी घालून ठेवलेली. दुधासारखी पांढरी, निळ्या काठाची, याच खोऱ्यातल्या गिरणीची. सासरी निघालेल्या मुलीला पांढरी ब्लँकेट द्यायची, हा या घरचा रिवाज. भांडण झालं म्हणून रिवाज मोडायचा नसतो. एनॉकनं ती स्वतः खांद्यावर टाकून आणली होती. अर्थात चालत.

समोर नवरामुलगा हम्फ्री टकर. मोठे कान, मोठं हसू. लष्करात असताना इकडच्या छावणीत होता. एकदा चॅपलच्या चहाला आला, डॉर्कसच्या हातचा बन खाल्ला, आणि शिपाईगिरी संपल्यावर इथल्याच दूधडेअरीत नोकरी धरून राहिला. त्याच्या शेजारी त्याची आई, लव्हडे टकर. बुटकी, गोल, गालांवर कायम लाली. नवरा गायींपाशी ठेवून एकटीच आली होती. परवा स्टेशनावर उतरल्यापासून ती हसत होती, आणि एनॉकला वाटत होतं, ही आपल्यालाच हसते आहे. नावातच टक्कर, दुसरं काय होणार?

"मी काय म्हणतो," हम्फ्रीनं घसा खाकरला, "आजोबांचा एवढा जीव त्या नावात आहे, तर होतो मी वॉकर. मला काय, डेअरीत सगळे मला कानवालाच म्हणतात."

"अजिबात नाही!" डॉर्कस आणि लव्हडे एकदम बोलल्या, आणि एकमेकींकडे बघून चमकल्या.

"माझा मुलगा लग्न करायला उत्तरेत आला," लव्हडे म्हणाली, "बारशाला नाही."

"आणि मला टकर व्हायचंय," डॉर्कस म्हणाली. "आजोबांना सांग आई, शाळेत आम्ही डॉर्कस वॉकर तिघी होतो. बाईंनी हाक मारली की तिघी उभ्या राहायचो, आणि छडी नेहमी मला."

"मामंजी," एडिथ हळूच म्हणाली. ती डॉर्कसची आई, एनॉकची सून. इतक्या वर्षांत सासऱ्यापुढे तिनं आवाज चढवला नव्हता. "जोडआडनाव लावलं तर? वॉकर-टकर?"

"बूट दुरुस्तीचं दुकान वाटेल," केटुरा म्हणाली.

हम्फ्री फस्सकन हसला. एनॉक हसला नाही. "हसा. तुम्हाला हसू येणारच. पण या घरात मी शेवटचा. माझा पोरगा एनॉक लढाईत समुद्रात गेला. तो असता तर..."

एडिथनं हातातली सुरी खाली ठेवली. "चौकातल्या युद्धस्मारकाच्या दगडावर त्यांचं नाव कोरलंय, मामंजी. ते कोणी खरवडायला येत नाही. डॉर्कसचं लग्न झालं तरी नाही."

हे बोलणं एनॉकच्या वर्मी लागलं. आणि वर्मी लागलं की माणूस ओरडतो. "दगडावर! दगड चालतो का? आयझॅक वॉकर हिमातून चालला म्हणून हे नाव मिळालं! कमावलेलं नाव आहे हे!"

"एनॉक," केटुरा शांतपणे म्हणाली, "आयझॅकच्या बापाचं आडनाव काय होतं?"

"वॉ..." एनॉक म्हणाला.

"दफनभूमीत ऑर्गनच्या खिडकीसमोरच दगड आहे त्याचा. जोनास वॉकर. दर रविवारी वाचते मी. म्हणजे मुलगा हिमातून चालला, आणि नाव बापाला मिळालं?"

आता कोंडीत सापडलेला माणूस काय करतो? टेबलावर मूठ आपटतो. एनॉकनं आपटली. किटली उडाली, कलंडली, आणि तिच्यातला काळाकुट्ट यॉर्कशरी चहा, सगळाच्या सगळा, त्या पांढऱ्या ब्लँकेटवर.

डॉर्कसचे डोळे भरून आले. सगळ्यांत जास्त भरले ते एनॉकचे. पण त्यानं ते छताकडे केले.

"वाळू देऊ नका!" लव्हडे ताडकन उठली. "वाळला की कायमचा. टब कुठाय? एडिथ, कोमट पाणी. कोमट हं, कढत नको. डॉर्कस, साबण. हम्फ्री, ही ब्लँकेट उचल आणि परसात चल. बघतोस काय कानवाल्या!"

परसात जस्ताच्या टबात ब्लँकेट बुडाली. एडिथ घासायचा ब्रश घेऊन पुढे झाली, तर लव्हडेनं तिचा हात धरला. "लोकर घासायची नसते गं, तुडवायची असते." एवढं बोलून तिनं भिंतीला हात टेकून बूट काढले, मोजे काढले, झगा पोटरीपर्यंत खोचला आणि सरळ टबात उतरली. एनॉक मागच्या दारात आला होता. त्यानं चटकन धुराड्याकडे नजर वळवली. चॅपलच्या माणसानं विहिणीचे पाय पाहायचे नसतात.

"आमचं नावच याचं," ती तालात पाय टाकत म्हणाली. "टकर म्हणजे काय, तुडवणारा. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड कसं असतं? चाळणीसारखं, तेलकट. ते हौदात घालून माणसं दिवसभर तुडवायची. मग ते स्वच्छ व्हायचं, आटून घट्ट व्हायचं, पाऊस लागेना असं. आमच्या नदीकाठी अजून टकरांच्या गिरण्यांचे चौथरे आहेत. माझी सासू सांगायची, हौदात पाणी नसायचंच म्हणे. शिळं मूत!"

"आई!" हम्फ्री.

"त्यात काय? मळ त्यानंच निघायचा. दारोदार बादल्या ठेवायचे आणि पहाटे गाडी येऊन गोळा करून न्यायची."

केटुरा पायरीवर बसली होती. तिचे खांदे गदगदू लागले. "आजीच्या घरी मागच्या दाराशी तसला रांजण होता," ती म्हणाली. "आणि ती सांगायची, चॅपलवाल्यांच्या रांजणाला मान जास्त. दारू पीत नाहीत ना, म्हणून माल चोख."

डॉर्कसला हसू आवरेना. एनॉकला मात्र पाहुणीच्या घराण्याची मनापासून दया आली. बिचारे. मुतात उभे राहणारे लोक. आणि आपली पोर त्या नावानं ओळखली जाणार! तो मोठ्या मनानं म्हणाला, "असू दे बाई. माणसाचं मूळ बघू नये. प्रत्येकाला काही आयझॅकसारखा पणजोबा नसतो."

लव्हडेचे पाय थांबले. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग केटुराकडे. "यांना खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?" एनॉक म्हणाला.

"अहो वॉकरबुवा, मी आल्यापासून समजत होते तुम्ही चेष्टा करताय! टकर आणि वॉकर एकच. पूर्वेकडे त्याच माणसाला फुलर म्हणतात, आमच्याकडे टकर, आणि तुमच्या उत्तरेत वॉकर. जुन्या बोलीत वॉक म्हणजे कापड तुडवणं. म्हणून तर तुम्ही एवढे! जिथे मेंढी, जिथे ओढा, तिथे एक वॉकर लागणारच. प्रत्येक गावानं आपापला निर्माण केला, एकमेकांचे कोणी नाहीत."

"चालणाऱ्याला वॉकर म्हणतात," एनॉक सावकाश म्हणाला, लहान मुलाला समजवावं तसं.

"पण बुवा, त्या काळी चालत कोण नव्हतं? सगळं जगच चालत होतं. त्याचं नाव कशाला पडेल?"

एनॉकनं आधारासाठी बहिणीकडे पाहिलं. केटुरा मात्र परसाच्या भिंतीपलीकडे बघत होती. तिथून ओढ्याकडे एक गल्ली उतरत होती, आणि ओढ्याकाठी चार पडक्या भिंती होत्या. जन्मापासून सगळे त्या जागेला वॉक मिल म्हणत आले होते.

"ताई," एनॉक म्हणाला, "तिथे चालत जायचे ना लोक? म्हणून वॉक मिल ना?"

"बेकरीलाही चालतच जातात की, एनॉक. वॉक बेकरी म्हणतो का आपण?"

तो भिंतीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. खालून गावात बँडवाल्यांची फुंकाफुंकी ऐकू येऊ लागली होती. मिरवणूक जमत होती. निशाणापुढे पहिलं पाऊल कोणाचं? प्रवचनवाल्या एनॉकचं. कशाच्या जोरावर? त्याला वाटलं, इतकी वर्षं मी देवाबरोबर चालतोय असं गात होतो, आणि होतो कुठे? हौदात. एका जागी. आणि कशात, ते तर बोलायलाच नको. हिमातला आयझॅक डोळ्यांपुढून विरघळून गेला. राहिल्या त्या दाराशी ठेवलेल्या बादल्या.

मागे डॉर्कस हलक्या आवाजात म्हणाली, "आजोबांना आता कोणी हसू नका." आठवड्यात पहिल्यांदा तिनं त्याची बाजू घेतली होती.

आणि तेव्हा, देवाची दया बघा, एनॉकला एक शब्द टोचला. फुलर. कुठे ऐकला होता हा? ऐकला काय, गायला होता! डोंगरावर प्रभू येशूचं रूप पालटलं, वस्त्रं अशी झळकली की पृथ्वीवरच्या कोणा फुलरला तसं शुभ्र करता यायचं नाही. हे प्रवचन त्यानं या खोऱ्यातल्या प्रत्येक चॅपलमध्ये केलं होतं. त्या ओळीवर आला की तो नेहमी सूर वर न्यायचा. आणि फुलर म्हणजे असेल कोणी तिकडचा परीट, असं म्हणून पुढे जायचा.

तो गर्रकन वळला. "टकरबाई! तो फुलर म्हणजे शास्त्रातला?"

"दुसरा कुठला असणार?"

"म्हणजे... म्हणजे त्या डोंगरावरच्या उजेडाची तुलना करायला साऱ्या पृथ्वीवर एकच माणूस सापडला, राजा नाही, धर्मगुरू नाही, आणि तो... ताई! तो आपला माणूस!"

"होय बाबा."

"मी त्याला ओळखलं नाही! इतकी वर्षं त्याच्यावरून गात गेलो, आणि घरच्या माणसाला ओळख दाखवली नाही!"

तो पायरीवर मटकन बसला आणि सकाळभर पुसलेल्या त्या काळ्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"मामंजी, काय करताय? मिरवणूक..."

"थांबेल. टकरबाई, उतरा खाली. वॉकरांची ब्लँकेट आहे."

विजार गुडघ्यापर्यंत दुमडून एनॉक वॉकर टबात उभा राहिला. पाय मेणबत्तीसारखे पांढरे. पहिलं पाऊल त्यानं घाबरत टाकलं, दुसरं जरा बेतानं. तिसऱ्याला लोकरीतून कोमट पाणी बोटांमधून वर आलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की एडिथला आपला नवरा आठवला, ओढ्यात उतरलेला.

"उचला पाऊल," एनॉकनं हलकेच सूर धरला, "ठेवा पाऊल..."

"वाट उजेडाची," केटुरानं वरची पट्टी उचलली. पुढच्या ओळीला हम्फ्रीचा ढाला आवाज येऊन मिळाला, मग लव्हडेचा, वेगळ्याच हेलात. शेजारच्या परसातून खाणीवरचा एनॉक भिंतीवर कोपरं टेकून गाऊ लागला. त्याला कारण लागत नसे.

"दोन कडवी बास, बुवा!" लव्हडे टाळ्या वाजवत ओरडली. "डाग गेला! जास्त तुडवू नका!"

पण सूर लागलेल्या एनॉकला थांबवणं चॅपलच्या विश्वस्तांनाही कधी जमलं नव्हतं. "गरम पाणी आण, पोरी!" तो गाता गाता म्हणाला, आणि हसता हसता रडणाऱ्या डॉर्कसनं काही न सुचून चुलीवरची उकळती किटलीच आणून ओतली. एनॉक तेवढ्यापुरता टबाच्या कडेवर चढला, पाणी निवलं तसा पुन्हा उतरला, आणि त्यानं तिसरं कडवं धरलं. मग चौथं. त्या गाण्याला नऊ कडवी आहेत. त्यानं नवव्या कडव्याची शेवटची ओळ दोनदा घेतली.

मग लव्हडे आणि केटुरानं ब्लँकेट पिळून दोन्ही टोकांनी उचलून धरली. डाग नव्हता. काल पडलेल्या हिमासारखी शुभ्र होती. जाड होती, मऊ होती, पाऊस लागेना अशी. आणि बाजूंनी इतकी आत आली होती की निळे काठ एकमेकांची विचारपूस करत होते.

लव्हडेनं आपल्याकडचं टोक वितीनं मोजलं.

"आटली," ती म्हणाली. "अस्सल वॉकर आहात बुवा. एका बैठकीत आटवलीत."

"दोघांच्या पलंगाला पुरायची नाही," एडिथ कशीबशी म्हणाली.

एनॉक ओल्या पायांनी टबाबाहेर आला. त्यानं ब्लँकेटची लांबी-रुंदी निरखली, निळ्या काठावरून अंगठा फिरवला. "नाही पुरायची," तो म्हणाला. "पाळण्याला पुरेल. आणि त्यात जो कोणी निजेल त्याला खुशाल टकर म्हणा. नाव तेच आहे, फक्त दक्षिणेकडचे उच्चार जरा खराब."

हम्फ्रीचे कान लाल झाले. डॉर्कस धावत आली आणि तिनं आजोबाच्या गळ्यात तोंड लपवलं. "मग शनिवारी?" ती तिथूनच पुटपुटली.

बँड गल्लीच्या तोंडाशी आला होता. निशाण वाऱ्यावर फडफडत होतं, आणि पुढची जागा मोकळी ठेवून लोक या घराच्या दाराकडे बघत होते. एनॉक घाईघाईनं ओल्या पायात बूट चढवू लागला. मग एकदम थांबून त्यानं सगळ्यांकडे, भिंतीवरच्या खाणीवाल्या एनॉककडेसुद्धा, करड्या नजरेनं पाहिलं.

"वॉकर म्हणजे चालणारा नव्हे, हे शनिवारपर्यंत गावात कोणी बोलायचं नाही," तो म्हणाला. "मला माझ्या नातीला घेऊन चालायचंय."